मिरचीच्या डोक्यावर एक कापड

मिरचीचं बी थंडीत बाहेर पेरू नये, असं बागकामाचं कुठलंही पुस्तक सांगतं, आणि त्यात चूक काहीच नाही. घरात रुजवा, खिडकीशी ठेवा, बाहेर हवा नीट तापली की मग रोपं बाहेर काढा. सल्ला पटतो, पण माझ्याच्यानं पाळवत नाही. खिडकीतली रोपं मला बघवत नाहीत. उजेडाच्या दिशेनं माना ताणून, पांढुरक्या देठांवर डुलत असतात बिचारी. आपल्याला लख्ख वाटणारा घरातल्या दिव्याचा उजेड मोजला तर ३०० ते ५०० लक्सच्या आसपास भरतो. बाहेर अगदी ढगाळ दिवशीही १०,००० लक्स सहज मिळतात आणि भर उन्हात लाखभर. आपल्याला हा फरक जाणवत नाही, कारण डोळा बाहुली लहानमोठी करून सगळं निभावून नेतो. रोपाला तशी सोय नाही. त्याला जेवढा उजेड मिळतो तेवढंच त्याचं पोट भरतं.

म्हणून थंडी ओसरायला लागली, पण पुरती गेलेली नाही, अशा दिवसांत माझी मिरची बाहेर असते. एकाच वेळी ऊब नाही आणि उजेड भरपूर, असा तो काळ. यातून वाट कशी काढायची, एवढाच खरा प्रश्न. आणि या प्रश्नाचे दोन भाग आहेत हे कळायला मला बराच वेळ लागला, कारण सगळीकडे ‘तापमान’ असा एकच शब्द वापरतात. रुजण्याची ऊब वेगळी आणि वाढण्याची वेगळी.

रुजण्याचं आधी बघू. माती ३० अंश सेल्सिअसला असेल तर मिरचीचं बी साधारण आठवड्याभरात वर येतं. २५ अंशांना त्यात फार तर एखाद दिवसाची भर पडते. २० अंशांवर हाच काळ बारा-तेरा दिवसांवर जातो आणि १५ वर जवळपास पंचवीस दिवसांवर. १० अंशांना बी मुळीच उगवत नाही. वरच्या टोकाला ४० अंशांनाही तीच गत. म्हणजे ३० ते २० मधले दहा अंश गमावले तर पाचेक दिवसांचं नुकसान, आणि त्याखालचे पाच गमावले तर आणखी बारा दिवसांचं. उतार सरळ नाही. खाली जावं तसा तो कडा होत जातो.

आत काय चाललेलं असतं तेही पाहण्यासारखं आहे. मिरचीच्या चपट्या बियात अंकुर वेटोळं घालून बसलेला असतो आणि त्याच्या सगळ्या बाजूंनी भ्रूणपोषाचा, म्हणजे अंकुरासाठी साठवलेल्या अन्नाचा, घट्ट थर असतो. मुळाचं टोक बाहेर पडायचं तर आधी त्याच्या तोंडाशी असलेला हा थर मऊ पडावा लागतो. ते काम विकरं (एन्झाइम) करतात आणि विकरांना ऊब लागते. थंडीत हे काम रेंगाळतं. बी मेलेलं नसतं. पाणी पिऊन फुगलेलं, अर्धवट जागं झालेलं, दाराशी अडकलेलं असतं. मातीतल्या पिथियमसारख्या बुरशींना मात्र गारवा आणि ओल दोन्ही मानवतात. त्यांना थांबून राहिलेलं, मऊ पडलेलं बी आयतंच मिळतं. थंडी मिरचीच्या बियाला मारत नाही, उशीर करते, आणि त्या उशिरात बी सडतं. ‘बी खराब निघालं’ म्हणून जी ओरड होते, तिच्यातल्या बऱ्याचशा तक्रारींचं मूळ इथं असावं असा माझा अंदाज आहे.

यावर उपाय सोपा आहे. रुजताना बियाला उजेड नको असतो, म्हणून तेवढं काम घरात उरकायचं. ओल्या सुती कापडाची घडी, झाकणाचा छोटा डबा आणि चोवीस तास कोमट असणारी एखादी जागा. माझ्या घरी ती राउटरच्या डोक्यावर आहे. सगळं बाहेरच झालं पाहिजे असा हट्ट धरणाऱ्यांना ही लबाडी वाटते. वाटू दे. पांढऱ्या मुळाचं टोक मिलिमीटर-दोन मिलिमीटर डोकावलं की बी उचलायचं, मुळाला बोट न लावता, आणि बाहेरच्या कुंडीत अर्ध्या सेंटीमीटरच्या खोलीवर ठेवायचं. मूळ लांब होऊन कापडाच्या धाग्यांत शिरेपर्यंत थांबलात तर ते सोडवताना तुटतं. मोड आल्यावर त्याला ३० अंशांची गरज उरत नाही. दिवसा विशीच्या आसपास आणि रात्री बारा-तेराच्या वर एवढं मिळालं तरी ते पुढं सरकतं. सावकाश सरकतं, हे खरं.

वर येणारा कोंब सरळ येत नाही. मानेला बाक देऊन, पाठीनं माती ढकलत येतो. दोन्ही दली पानं, म्हणजे बियातच तयार असलेली पहिली जोडी, अजून बियाच्या टरफलात मिटलेली असतात आणि बाक सरळ होताना ती मागून ओढली जातात. टरफल मातीतच अडकून राहिलं तर उत्तम. ते डोक्यावर टोपीसारखं घेऊनच रोप उभं राहिलं तर पंचाईत, कारण गार, कोरड्या वाऱ्यात टरफल सुकून आवळतं आणि आतली पानं उघडत नाहीत. अशा वेळी नखानं टोपी उडवायचा मोह आवरावा. बोटाच्या टोकावर पाण्याचा थेंब घेऊन तो टरफलाला टेकवायचा. थेंब आत शोषला जातो, टरफलाचा रंग गडद होतो, पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा थेंब. बहुतेक वेळा दुपारपर्यंत पानं आपणच टोपी झटकतात.

पाण्याविषयी दोनच गोष्टी. सकाळी द्यावं, आणि माती वाफशावर असावी, म्हणजे ओलसर पण चिखल नाही. गार दिवसांत पाणी उडून जात नाही, त्यामुळे उन्हाळ्याच्या सवयीनं झारी चालवली की मातीतली हवा संपते आणि कोवळी रोपं मातीलगत करकोचा पडून आडवी होतात. हाच मर रोग. काल संध्याकाळी ताठ उभं असलेलं रोप सकाळी मातीला टेकलेलं दिसतं, पानं अजून हिरवीगार. त्याला वाचवण्याच्या खटपटीला अर्थ नसतो. शेजारची वाचवावीत.

आता खरी गोष्ट, म्हणजे रात्र.

माझ्या धाकट्या भावाचा एकदा सकाळीच फोन आला. “ताई, फोनवर तर रात्रभर आठ अंश दाखवत होतं. मग पानं अशी भाजल्यासारखी कशी झाली?” आठ अंश मिरचीला सोसवतात असं नाही. साधारण दहाच्या खाली गेलं की तिच्या पेशींची आवरणं ताठरतात आणि कामकाज बिघडतं. पण एका रात्रीत पान करपण्याइतके ते कमीही नाहीत. त्याचा प्रश्न रास्त होता. उत्तर असं, की फोनवरचा आकडा रोपाचा नसतोच. हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, झडपांच्या पेटीत, सावलीत टांगलेला असतो. मिरचीचं रोप जमिनीपासून चार बोटांवर, उघड्यावर. निरभ्र, निवांत रात्री त्या चार बोटांवरची हवा वरच्यापेक्षा तीन-चार अंशांनी, कधी त्याहूनही जास्त गार असते. पान तर त्या हवेपेक्षाही गार होतं.

कारण पान आकाशाला बघत असतं. प्रत्येक वस्तू आपली उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या रूपात सतत बाहेर टाकत असते. भिंत, झाड, ढग यांच्याकडून तशीच थोडी परतही येते. निरभ्र आकाशाकडून फारच कमी परत येते. ढगाळ रात्री ऊब टिकते आणि चांदणं लख्ख पडलं की सकाळी दव साचतं, ते यामुळेच. थंडी वाऱ्यावर बसून येते अशी आपली समजूत असते, पण मिरचीच्या रोपाला सर्वांत जास्त जपावं लागतं ते वारा पूर्ण पडलेल्या, आकाश धुतल्यासारखं स्वच्छ असलेल्या रात्री. वारा निदान वरची उबदार हवा खाली ढवळून आणतो.

ही गोष्ट नीट उलगडली ती विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनच्या डॉक्टरनं. दवाविषयीचा त्याचा निबंध १८१४ सालचा. गवताच्या तुकड्यावर त्यानं चार बारीक काड्या रोवल्या, गवतापासून सहा इंच उंचीवर त्यांच्या टोकांना एक अगदी झिरझिरीत हातरुमाल ताणून बसवला, आणि रात्री रुमालाखालचं व शेजारचं उघडं गवत अशा दोन्ही ठिकाणी तापमापक ठेवून पाहिलं. रुमालाखालचं गवत कितीतरी उबदार निघालं. बाजू चारही उघड्या, हवा इकडून तिकडे खेळती. रुमालानं अडवलं ते फक्त आकाश. आणि मला हा माणूस आवडतो तो त्याच निबंधातल्या एका कबुलीमुळे. माळी लोक नाजूक रोपांवर पातळ चटया टाकतात ते पाहून तो पूर्वी हसत असे. एवढ्या पातळ चटईनं हवेचं तापमान थोडंच बदलणार, असा त्याचा हिशेब. हवेपुरता तो हिशेब ठीक होता. पण चटई हवेसाठी नव्हतीच.

हे वाचल्यापासून रानमिरचीकडे मी वेगळ्या नजरेनं बघते. मिरचीच्या आजच्या लागवडीच्या जाती पाच. त्यांपैकी सर्वांत जास्त पसरलेली कॅप्सिकम ॲन्युअम. तिची रानटी बहीण, वाटाण्याएवढ्या गोल फळांची चिल्टेपिन, मेक्सिको आणि त्याला लागून असलेल्या ॲरिझोनाच्या रखरखीत मुलखात अजूनही आपली आपण उगवते. तिची फळं पक्षी खातात. पक्ष्यांना तिखटपणा जाणवत नाही, आणि सस्तन प्राण्यांच्या दाढांखाली बी भरडलं जातं तसं पक्ष्यांच्या पोटात होत नाही. दक्षिण ॲरिझोनात केलेला याबद्दलचा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला होता. पण मला त्यात तिखटापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. पक्षी खातो आणि जाऊन कुठं बसतो? झुडपात. बी पडतं ते झुडपाखाली. म्हणून रानमिरची मोकळ्या माळावर क्वचित आणि दुसऱ्या झाडाच्या आश्रयानं पुष्कळ दिसते. दिवसा त्या झाडाची सावली, रात्री त्याचंच छत. मिरचीचं बाळरोप असं निरभ्र आकाशाखाली एकटं वाढलेलंच नाही. माणसानं तिला सहा हजार वर्षांहून अधिक काळ जपलं, फळं लांबवली, फुगवली, रंगवली, पण डोक्यावर काहीतरी असावं ही तिची मूळची गरज तशीच राहिली.

त्यामुळे माझ्या कुंड्यांवर रात्री कापड असतं. जुनी सुती साडी किंवा पलंगपोस, काहीही चालतं. पानांना मात्र ते टेकू द्यायचं नाही. टेकलं की कापडाचा गारठा थेट पानात उतरतो आणि झाकणं निम्मं वाया जातं. चार काठ्या, त्यांवर ताणलेलं कापड, वितभर अंतर. सकाळी उचलताना हात लावून बघा. वरची बाजू दवानं चिंब, खालची कोरडी, आणि रोपांच्या पानांवर थेंबही नाही. आकाशाला तोंड देण्याचं काम रात्रभर कापडानं केलेलं असतं.

प्लॅस्टिकचा कागद का नाही, असं पुष्कळजण विचारतात. दिवसा तो चांगला. वारा अडतो, ऊन आत येतं, माती तापते. पण साधं पॉलिथिन त्या अदृश्य उष्णकिरणांना जवळजवळ आरपार जाऊ देतं, म्हणून निवांत रात्री कागदाखालची हवा कधी कधी बाहेरच्याहून गार झालेली आढळते. बाहेरची थोडीफार हालणारी हवाही आत शिरत नाही, मग दोन्हीकडून नुकसान. कागदाच्या आतून पाण्याचे थेंब जमले की ते पाणी किरण अडवतं आणि परिस्थिती जरा सुधारते. काचेचं तसं नाही, काच ते किरण रोखते. मी दिवसा कागद आणि रात्री त्यावर कापड असं दोन्ही ठेवते. मात्र ऊन वर आल्यावर कागदाचं तोंड उघडायचं राहिलं, तर बाहेर गार वारा असतानाही आत तापमान चाळिशी ओलांडतं. थंडीपासून जपलेली रोपं उकडून जातात, आणि दोष पुन्हा थंडीला दिला जातो.

कापड जाणारी ऊब रोखतं, नवी देत नाही. ऊब यायची ती खालून, दिवसभर तापलेल्या मातीतून. कोरडी, भुसभुशीत माती ऊब साठवायला निकामी. तिच्यात हवाच जास्त. ओलसर माती जास्त साठवते आणि रात्री वर पोचवतेही. वर सांगितलेल्या पाण्याच्या नियमाशी हे भांडतं, मला माहीत आहे. त्यातून मधला मार्ग म्हणजे वरचा बोटभर थर सुकलेला आणि खालची माती ओलसर. कुंडी लहान असेल तर तिच्याकडे साठवायला फारसं काही नसतंच. ती झटकन तापते आणि झटकन निवते. म्हणून मी लहान कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवते आणि मधल्या फटींत पाण्यानं भरलेल्या गडद रंगाच्या बाटल्या उभ्या करते. पंचवीस अंशांना तापलेलं लिटरभर पाणी दहावर येईपर्यंत साधारण ६३ किलोज्यूल उष्णता सोडतं. पाच वॅटचा दिवा साडेतीन तास जळावा एवढी. खोली तापवायला हे हास्यास्पद आहे, पण कापडाखालच्या टोपलीभर जागेला पुरतं. रात्रीचा सर्वांत गार क्षण मध्यरात्री नसतो, सूर्योदयाच्या आसपास असतो, तेव्हा कापड घाईनं काढू नये. ऊन प्रत्यक्ष मातीवर पडेपर्यंत ते असू द्यावं.

एवढं करूनही रोप कुरकुरतं. पानांच्या खालच्या बाजूला आणि शिरांवर जांभळट झाक येते, कारण गार मातीत मुळांना स्फुरद (फॉस्फरस) उचलता येत नाही. (काही वाणांना जांभळा रंग जन्मजातच असतो, तेव्हा घाबरण्याआधी आपण कोणतं बी लावलं ते आठवावं.) ऊन चढल्यावर पानं मलूल होतात, माती ओली असूनही. वर उन्हानं पानांतून पाणी उडतंय आणि खाली गारठलेली मुळं ते पुरवू शकत नाहीत. अशा वेळी पाणी घालणं म्हणजे आगीत तेल. थोडा वेळ सावली करावी आणि माती तापू द्यावी. खत तर अजिबात नको. मातीत स्फुरद असतोच, तो उचलण्याची ताकद नसते. कधी कधी रोप आठवडाच्या आठवडा हलत नाही, दोन खऱ्या पानांवर बसून राहतं. या काळात माझा हात खताकडे जातो आणि मी तो मागे घेते. बागकामातलं बरंचसं कौशल्य काही न करण्याचं आहे असं मला वाटू लागलंय. अर्थात हे आळशी माणसाला फार सोयीचं तत्त्वज्ञान आहे.

बसलेलं रोप म्हणजे वाया गेलेलं रोप नव्हे. वर वाढ दिसत नसली तरी देठ जाड होत असतो, आणि त्यात वाऱ्याचा वाटा मोठा. झाडांचे देठ रोज चोळले तर ती बुटकी आणि भरदार होतात, हे मार्क जाफे या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९७३ साली दाखवलं. बाहेरचा वारा तेच काम फुकटात करतो. खिडकीतलं रोप बाहेर काढताना आठ-दहा दिवस थोडं थोडं ऊन दाखवून कणखर करावं लागतं, नाहीतर पानं पांढरी पडतात. बाहेर रुजलेल्याला हे सोपस्कार नकोत. त्याची पानं पहिल्यापासून जाडसर, आखूड, गडद.

थंडीशी खरंच जमवून घेणारी मिरची हवी असेल तर ती अँडीज पर्वतातली रोकोटो. पानं केसाळ, फुलं जांभळी, बिया काळ्या. गार रात्री तिला मानवतात, उलट कडक उन्हाळ्यात ती रुसते. हिम मात्र तिलाही सोसत नाही.

आता लवकर पेरून मिळतं काय? फारसं नाही, खरं सांगायचं तर. तीन-चार आठवड्यांनी, माती तापल्यावर पेरलेली मिरची भराभर उगवते आणि बघता बघता आधीच्यांच्या खांद्याला येते. पहिल्या फळाला आठवडा-दोन आठवड्यांचा फरक पडला तर पडला. मला तो फरक नको असतो. बागेत इतर काही घडत नसण्याच्या दिवसांत रोज सकाळी उचलून बघण्यासारखं काहीतरी मिळतं, माझं तेवढ्यावर भागतं.

आणि आधी पेरलेल्याला आधी फूल येतं, यातही एक मेख आहे. रात्री अजून पंधराच्या खाली जात असतील तर परागकण कमकुवत निघतात. बरीचशी फुलं देठासकट गळून पडतात. जी टिकतात त्यांची फळं आखूड, चपटी, वेडीवाकडी होतात, आणि रोपाची ताकद त्यांच्यात खर्ची पडते ती वेगळीच. म्हणून पहिली फुलं मी खुडून टाकते. भावाला हे अजिबात पटत नाही. त्यानं पहिलं फळ हौसेनं राखलं, पिकू दिलं, बियाण्यासाठी वाळवलं आणि फोडलं. आत बी नव्हतं.